कन्सोलवरच्या ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ने सिम्युलेशनच्या शौकिनाचे समाधान होते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा वर्षे संगणकावर ‘आयरेसिंग’ आणि ‘असेट्टो कोर्सा’ ही मोटारशर्यतीची सिम्युलेशन (थोडक्यात ‘सिम’) चालवल्यानंतर आता ग्राफिक्स कार्ड बदलायची वेळ आली आहे, घरात जागा अपुरी पडते आहे आणि मुलासाठी प्लेस्टेशन ५ आधीच आले आहे. अशा वेळी त्यावरच ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ हा मोटारशर्यतीचा गेम घेऊन, हाताशी असलेले लॉजिटेक जी२९ हे स्टिअरिंग आणि पेडल त्याला जोडून काम भागेल का, की महिनाभरात ‘शेवटी हा गेमच’ असे वाटून मन उडेल?

मी गेली सोळा वर्षे पुण्यात वाहनांच्या सस्पेन्शनवर आणि टायरच्या वर्तनावर काम करतो, आणि जवळजवळ तितकीच वर्षे संध्याकाळी घरी सिम चालवतो. दोन्हीकडचा अनुभव एकत्र करून माझे मत सांगतो. गाडी पकडीच्या मर्यादेपर्यंत नेऊन तिला तिथे तोलून धरण्यात आपल्याला आनंद वाटत असेल, तर हा कन्सोलवरचा गेम आपले समाधान करील, आणि पुष्कळांना वाटते त्याहून जास्त करील. मात्र आपला आनंद गाडी उघडून पाहण्यात असेल, म्हणजे टायरमधला दाब, डँपर (सस्पेन्शनची हालचाल आवरणारे भाग), टेलिमेट्रीचे म्हणजे गाडीच्या नोंदींचे आलेख आणि दोन-तीन तासांच्या शर्यतीची आखणी यांत असेल, तर तो तिथे पुरता मिळणार नाही. यंत्र कन्सोल आहे की संगणक, हा मुद्दा मी दुय्यम मानतो. हाताला आणि पायाला गाडीची कोणती बातमी पोचते, यावर सगळे ठरते.

ही बातमी म्हणजे काय, ते जरा खोलात जाऊन सांगायला हवे, कारण या विषयावरचे बहुतेक वाद इथेच अडखळतात. टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, त्याला कॉन्टॅक्ट पॅच म्हणतात. साधारण तळहाताएवढा तुकडा. गाडी वळते तेव्हा बाजूचा जोर या तुकड्याच्या बरोबर मध्यावर लागत नाही, किंचित मागे लागतो. त्यामुळे चाक आपोआप सरळ व्हायला पाहते आणि तो ओढा स्टिअरिंगमधून आपल्या मनगटापर्यंत येतो. वेग वाढवत नेला की टायर जास्त तिरका घासू लागतो, जोराचे केंद्र पुढे सरकते, आणि बाजूची पकड आपल्या शिखराला पोचण्याच्या थोडे आधीच हा ओढा कमी व्हायला लागतो. म्हणजे स्टिअरिंग हलके पडू लागते, आणि ते हलके पडणे हीच पूर्वसूचना असते. अनुभवी चालक गाडी घसरल्यावर हालचाल करत नाही; स्टिअरिंग हलके होऊ लागताच तो हात किंचित मागे घेतो. ज्या सिममध्ये ही पूर्वसूचना वेळेवर आणि मोजूनमापून मिळते, ते माझ्या लेखी सिम. जिथे गाडी आधी घसरते आणि मग स्टिअरिंग थरथरते, ते चित्र कितीही देखणे असले तरी अर्धवट.

ही कसोटी घ्यायला माझी आवडती जागा म्हणजे जपानमधल्या त्सुकुबा सर्किटचे शेवटचे वळण. दोन किलोमीटरहून जेमतेम थोडी मोठी ही धावपट्टी ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्येही आहे आणि ‘आयरेसिंग’मध्येही. मागच्या सरळ पट्ट्यावरून आपण वेगात येतो आणि उजवीकडे वळणारे एक लांबलचक वळण सुरू होते. इतके लांब, की गाडी त्यात स्थिरावते आणि पुढच्या टायरांशी निवांत बोलायला सवड मिळते. दोन्हीकडे मी माझदाची छोटी रोडस्टर घेतो. एकीकडची गाडी रस्त्यावरची आणि दुसरीकडची शर्यतीसाठी तयार केलेली असल्यामुळे लॅपच्या वेळांची तुलना करण्यात अर्थ नाही. हाताला काय लागते एवढेच पाहायचे.

‘ग्रॅन टुरिस्मो’मध्ये वळणाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात स्टिअरिंग भरत म्हणजे जड होत जाते, मग एका क्षणी ते भरायचे थांबते. त्यानंतर अजून थोडे वळवले तर ओढा स्पष्ट कमी होतो आणि गाडीचे नाक बाहेरच्या कडेकडे सरकू लागते. अॅक्सिलरेटर केसभर सोडला की पुढच्या चाकांवर वजन येते, स्टिअरिंग पुन्हा भरते आणि नाक आत येते. पाठ्यपुस्तकात जे लिहिलेले असते, ते इथे बोटांना कळते, आणि क्रमही बरोबर असतो: आधी सूचना, मग घसरण. ‘आयरेसिंग’मध्ये हेच सारे घडते, पण त्याखाली आणखी एक थर असतो. धावपट्टी लेसरने मोजून घेतलेली असल्यामुळे डांबरातले लहान उंचवटे हाताला जाणवतात, आणि एखाद्या उंचवट्यावर पुढचे चाक क्षणभर हलके झाले तर तेही कळते. ‘ग्रॅन टुरिस्मो’त रस्ता मला थोडा इस्त्री केल्यासारखा वाटतो. मागची चाके सुटू लागतानाची सूचनाही मला संगणकावर अधिक सविस्तर मिळते. कन्सोलवर त्या क्षणी मी हातापेक्षा डोळ्यांवर आणि टायरच्या आवाजावर जास्त भिस्त ठेवतो. आपण सहा वर्षे ‘आयरेसिंग’ चालवले असल्यामुळे हा फरक आपल्याला पहिल्याच संध्याकाळी जाणवेल. पंधरवड्यानंतर तो तितका खटकत नाही, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

आता आपल्या जी२९बद्दल. या स्टिअरिंगमध्ये मोटरचा जोर दातेरी चक्रांमधून येतो आणि तो जेमतेम दोन न्यूटन-मीटरच्या (हे फिरवण्याच्या जोराचे माप) आसपास असतो. वर सांगितलेली पूर्वसूचना हा फार बारीक बदल असतो, आणि दातेरी चक्रांच्या खडखडीत तो बराचसा हरवतो. बेल्टवर चालणारे थ्रस्टमास्टर टी३०० घेतले तर तो बराच साफ मिळतो. फॅनाटेकचे जीटी डीडी प्रो, जे पॉलीफोनी डिजिटल या ‘ग्रॅन टुरिस्मो’ बनवणाऱ्या कंपनीच्या सहभागाने तयार झाले, त्यात स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर बसते; याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. मुळात पाच न्यूटन-मीटर आणि वेगळा वीजपुरवठा जोडल्यास आठ. त्यावर त्सुकुबाचे तेच वळण घेतले की हा वेगळाच गेम आहे असे वाटते. कन्सोलच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो एकतर गेमपॅडवर खेळून पाहिलेला असतो, नाहीतर साध्या स्टिअरिंगवर, हे मी वारंवार पाहिले आहे. गेमपॅडवर तर हा प्रश्नच उद्भवत नाही. प्लेस्टेशन ५च्या कंट्रोलरचे ट्रिगर एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागल्यावर बोटाखाली थरथरतात, ते छान आहे, पण अंगठ्याच्या दोन सेंटिमीटर हालचालीत वळणाचा कोन तोलणे हे वेगळे कौशल्य आहे. गेम ते सावरून घेतो, आणि ते सावरणे चालकापासून लपलेले राहते.

तरीही आपल्याकडे मोजकेच पैसे असतील तर ते आधी ब्रेकवर खर्च करा, असा माझा आग्रह आहे. जी२९चा ब्रेक पेडल किती खाली गेले ते मोजतो. खऱ्या गाडीत पाय किती खाली गेला यापेक्षा पायाने किती दाब दिला, हे महत्त्वाचे असते, आणि आपल्या स्नायूंना अंतरापेक्षा दाब कितीतरी चांगला लक्षात राहतो. लोड सेलचा ब्रेक हा दाबच मोजतो. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत नेणे, ज्याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात, ते लोड सेलवर काही दिवसांत अंगवळणी पडते. अंतर मोजणाऱ्या, म्हणजे पोटेन्शिओमीटरच्या पेडलवर मी काही वर्षे धडपडलो, तरी प्रत्येक लॅपला तेच घडेल याची खात्री कधी मिळाली नाही. इथे कन्सोलची एक अडचण आधीच लक्षात घ्या. संगणकाला आपण एका कंपनीचे स्टिअरिंग, दुसरीचे पेडल आणि तिसरीचा हँडब्रेक यूएसबीने वेगवेगळे जोडू शकता. प्लेस्टेशन फक्त परवाना असलेले स्टिअरिंगच ओळखते आणि पेडल त्या स्टिअरिंगच्या बेसमधूनच (मोटर असलेल्या मुख्य भागातूनच) जोडावे लागतात. त्यामुळे पेडल घेताना ते कोणत्या बेसला चालतात हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी अडचण दिवाणखान्यातल्या टीव्हीची. पुष्कळ टीव्ही चित्र सुधारण्याच्या नादात ते उशिरा दाखवतात. हाताला सूचना आत्ता मिळते आणि डोळ्यांना गाडी नंतर वळताना दिसते. असा मेळ चुकला की चालक स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवतो आणि दोष गेमच्या भौतिकीला देतो. टीव्हीचा गेम मोड चालू करा. मग गेममध्ये काउंटरस्टिअर असिस्ट आणि एएसएम या घसरती गाडी सावरणाऱ्या मदती बंद करा, चाके जागच्या जागी फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल शून्यावर आणा, एबीएस ‘वीक’वर ठेवा. फोर्स फीडबॅकसाठी, म्हणजे स्टिअरिंगमधून हाताला मिळणाऱ्या ओढ्यासाठी, कमाल जोर आणि संवेदनशीलता असे दोन आकडे मिळतात, दोन्ही एक ते दहा. जी२९वर कमाल जोर पुष्कळ वर न्यावा लागतो. मात्र लांब वळणात स्टिअरिंग एकसारखे कडक राहून त्यातले बारकावे नाहीसे झाले तर आकडा एक-दोनने खाली घ्या, कारण मोटरची ताकद संपली की पुढची बातमी कापली जाते.

टायरची निवड ही तर सगळ्यात दुर्लक्षिली जाणारी बाब आहे. या गेममध्ये रस्त्यावरच्या साध्या गाडीलाही शर्यतीचे मऊ टायर चढवता येतात, आणि नवखे चालक ते लगेच चढवतात. मग ती गाडी रुळांवरून धावल्यासारखी धावते, वजनाची हालचाल दिसेनाशी होते, आणि ‘यात काही खरे नाही’ असा निष्कर्ष निघतो. रोडस्टरला कम्फर्ट किंवा फार तर स्पोर्ट्स हार्ड हे कमी पकडीचे टायर लावा. ती डुलेल, तिरकी होईल, ब्रेकवर नाक खाली घालेल. तिचा खरा स्वभाव तेव्हाच दिसतो.

कन्सोलवरचा गेम खऱ्या चालकाच्या कामाचा असतो का, याचे उत्तर इतिहासाने एका मर्यादेपर्यंत दिलेले आहे. ‘ग्रॅन टुरिस्मो’चा पहिला भाग डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आला. २००८ साली निसान आणि प्लेस्टेशन यांनी जीटी अकॅडमी सुरू केली. गेममधल्या सर्वांत वेगवान चालकांना निवडून खऱ्या गाडीत बसवण्याचा तो उपक्रम होता. पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोनियेझ २०११ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत एलएमपी२ या खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांच्या गटात दुसऱ्या क्रमांकाच्या संघात होता. २०११ चा विजेता ब्रिटनचा जॅन मार्डेनबरो २०१३ मध्ये त्याच गटात तिसऱ्या क्रमांकाच्या संघात होता. २०१८ मध्ये ‘ग्रॅन टुरिस्मो’च्या नेशन्स कप या गेमवरच्या स्पर्धेचा पहिला जगज्जेता ठरलेला ब्राझीलचा इगोर फ्रागा पुढे फॉर्म्युला ३ मध्ये उतरला. या मालिकेचे जनक काझुनोरी यामाऊची स्वतः न्युर्बुर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरलेले आहेत, आणि गाडीच्या वर्तनाविषयीचा त्यांचा आग्रह गेममध्ये जागोजागी दिसतो.

या उदाहरणांचा अर्थ मात्र जपून लावायला हवा. त्या मुलांना गेममधून थेट ल मान्सला कोणी पाठवले नाही. निवड झाल्यावर त्यांना खऱ्या गाडीतले प्रशिक्षण मिळाले आणि छोट्या शर्यतींतून वर चढावे लागले. गेमने त्यांना वळण घेण्याची योग्य रेषा ओळखणे, ब्रेकची जागा पक्की करणे, एकच वळण शंभर वेळा एकसारखे घेण्याचा संयम आणि नजर दूर ठेवण्याची सवय दिली. या गोष्टी शिकवण्यात ‘ग्रॅन टुरिस्मो’च्या लायसन्स परीक्षांइतके चांगले साधन मी संगणकावरच्या सिममध्येही पाहिलेले नाही. एकच वळण, एकच गाडी, सुवर्णपदकाची ठरलेली वेळ. सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलात तरी पुन्हा. आपण अनुभवी असलात तरी त्या परीक्षा टाळू नका.

प्रतिस्पर्ध्यांचाही विचार करायला हवा. सोनीच्या संशोधकांनी तयार केलेली सोफी नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’मध्ये शिकली, तिने जगातल्या उत्तम चालकांना हरवले, आणि ते संशोधन फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ती आता काही धावपट्ट्यांवर ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्ये उपलब्ध आहे. ती शेजारून जाताना जागा सोडते, ब्रेकच्या जागेवर झुंज देते आणि चूक झाली की लगेच फायदा घेते. रात्री अकरा वाजता, घरातले सगळे झोपल्यावर, अनोळखी माणसांच्या धडका न खाता अर्धा तास खरी झुंज हवी असेल तर तिच्यासारखी सोबत नाही. एरवी कारकिर्दीतल्या शर्यतींत आपण सर्वांत मागून निघून एकेकाला मागे टाकायचे, हीच रचना बहुधा असते. सिमच्या माणसाला ती शर्यतीपेक्षा पाठलागासारखी वाटते, आणि ते बरोबरच आहे.

आता उणिवा. टायरमधल्या हवेचा दाब बदलण्याची सोय ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्ये नाही. माझ्या कामातल्या माणसाला ही गोष्ट फार लागते, कारण दाबावर टायरचे तापमान, कडकपणा, झीज असे सगळे अवलंबून असते. ‘असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ या वेगळ्या सिममध्ये दाब एका पीएसआयने (हवेच्या दाबाचे माप) हुकला तरी दहा लॅपनंतर गाडी बदललेली जाणवते, ते गणित सोडवण्यात माझ्या कितीतरी रात्री आनंदात गेल्या आहेत. संगणकावरच्या ‘असेट्टो कोर्सा’त हौशी लोकांनी बनवलेल्या असंख्य गाड्या आणि धावपट्ट्या घालता येतात; कन्सोलवर कंपनी देईल तेच. ऑनलाइन रोजच्या शर्यती बहुधा छोट्या असतात, त्यामुळे इंधन आणि टायर राखत चालवण्याची बुद्धी पणाला लागायच्या आत निशाण पडते. शिवाय गेमचा बहुतेक भाग इंटरनेटशिवाय चालत नाही. मार्च २०२२ मध्ये एका अद्ययावतीकरणानंतर सर्व्हर दिवसाहून अधिक काळ बंद राहिले, तेव्हा एकट्याने खेळणाऱ्यांनाही हात चोळत बसावे लागले होते. आपल्या भागात पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट जाणे नित्याचे असेल तर हे मनात धरा.

इथे एक मधला मार्ग आहे, तो प्रश्नात आलेला नाही. वर उल्लेख केलेला ‘कॉम्पेटिझिओने’ प्लेस्टेशन ५ वरही मिळतो. त्यात मुख्यतः जीटी३ आणि जीटी४ गटांच्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या, शर्यतीच्या गाड्या आहेत, रोडस्टर किंवा घरगुती हॅचबॅक नाहीत. पण दाब, ब्रेकचे तापमान, ओली होत जाणारी धावपट्टी आणि लांब शर्यती हे सगळे आहे. एकाच कन्सोलवर हे दोन्ही ठेवले तर एकाची उणीव दुसरा बरीचशी भरून काढतो. आपण ‘आयरेसिंग’मध्ये नेमक्या कोणत्या गाड्या जास्त चालवता, ते पाहून ठरवा. त्या जीटी३ असतील तर माझी शिफारस आधी ‘कॉम्पेटिझिओने’ आणि मग ‘ग्रॅन टुरिस्मो’ अशी राहील.

नजरेबद्दल थोडे. टीव्हीपासून आठ फुटांवर सोफ्यावर बसून कोणतेही सिम खरे वाटत नाही, कारण चित्रातला वेग आणि अंतर आपल्या डोळ्यांच्या मापात बसत नाही. पडदा स्टिअरिंगच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा. फेब्रुवारी २०२३ पासून प्लेस्टेशन व्हीआर२ या डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर (आभासी वास्तव) संचावर ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ चालतो, आणि दोघांचा विभागलेला पडदा सोडून जवळपास सगळे त्यात खेळता येते. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगची वीस किलोमीटरहून लांब नॉर्डश्लायफ ही धावपट्टी मी वर्षानुवर्षे सपाट पडद्यावर चालवली होती. व्हीआरमध्ये तिच्यावरच्या फुक्सरोहर नावाच्या उतारावर पहिल्यांदा गेलो तेव्हा तो उतार किती खोल आहे ते मला प्रथमच कळले, आणि तळाशी गाडी दबताना माझा पाय आपोआप सैल झाला. वळणाच्या आतल्या कडेकडे मान वळवून पाहता येणे, ही सोय तर सपाट पडद्यावर कितीही पैसे ओतले तरी मिळत नाही. व्हीआरने डोके गरगरणाऱ्यांना मात्र सुरुवातीला दहा-दहा मिनिटेच बसण्याचा सल्ला देईन.

अंगाला जाणवणारा जोर कोणत्याच घरगुती सिममध्ये नसतो. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर एका प्रशिक्षणात मी सिंगल सीटर गाडी चालवली, तेव्हा गाडीची मागची बाजू सुटल्याची खबर मला स्टिअरिंगच्या आधी कमरेतून मिळाली. हा दुवा संगणकावरही तुटलेलाच असतो, म्हणून त्याचा ठपका एकट्या कन्सोलवर ठेवणे न्याय्य नाही.

आपण विकत घेण्याआधी एवढे करा. जी२९ दोन्हीकडे चालते, तेव्हा जुना संगणक अजून विकू नका. पहिल्या संध्याकाळी संगणकावर त्सुकुबाला माझदा घेऊन वीस लॅप मारा. दुसऱ्या संध्याकाळी ज्याच्याकडे ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ आहे त्याच्या घरी तेच स्टिअरिंग नेऊन, गेम मोड चालू करून, स्पोर्ट्स हार्ड टायर लावून आणि सगळी मदत बंद करून रोडस्टरच्या वीस लॅप मारा. लॅपच्या वेळा लिहू नका. शेवटच्या वळणात स्टिअरिंग कुठे हलके पडते आणि ते कळल्यावर आपण काय केले, एवढेच प्रत्येक लॅपनंतर एका ओळीत लिहा. दहाव्या लॅपच्या आत ती जागा हाताला सापडू लागली, तर ग्राफिक्स कार्डाचे पैसे लोड सेलच्या ब्रेकला लावा. विसाव्या लॅपलाही ती सापडली नाही, तर आधी कोणाकडे डायरेक्ट ड्राइव्ह स्टिअरिंग असेल तर त्यावर तीच चाचणी घ्या, आणि संगणकाचा निर्णय त्यानंतर करा.